सहा नंबरचं मशीन

शाहूपुरीत गुळाच्या वखारीच्या माडीवर भीमाप्पांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता आणि तिथल्या सगळ्या टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. खाली गूळ म्हटल्यावर वर मुंग्या आल्याच. एकदा भजनाच्या ऐन रेकॉर्डिंगमध्ये एक मुंगी मशीनच्या हेडवर चढली आणि बुवांचा सूर मध्येच घोगरा झाला. त्या दिवशी तिथली मशीनं सांभाळणाऱ्या गैबी मुल्लाणीनं घरोघरी दुभत्याच्या कपाटाला करतात तीच युक्ती स्टुडिओत आणली. पुढं अठरा वर्षं तो सकाळी आला की आधी वाट्यांतलं पाणी बदलायचा आणि मग मिक्सर चालू करायचा.

मी तिथं पेटी वाजवायचो, चाली बांधायचो. माझं नाव शशिधर, पण गैबी मला मास्तरच म्हणायचा. मी तापट माणूस. गाणारा बेसूर झाला की माझा पारा चढायचा, आणि गैबी काचेपलीकडून हात जोडून मला गप्प करायचा. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा तर मला विशेष राग. तरीही आता जे सांगतोय ते मी कानांनी ऐकलंय आणि त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला हसायचंय त्यानं खुशाल हसावं.

गैबी मूळचा उचगावचा. त्याचे वडील लग्नाला, उरुसाला कर्णे आणि स्पीकर भाड्यानं द्यायचे. मिसरूड फुटायच्या आतच पोराला वायरी डाग देऊन जोडता यायला लागल्या. एक्क्याण्णव साली तो आमच्याकडं आला तेव्हा इतर स्टुडिओंसारखीच आमचीही पद्धत होती. एका मशीनवर गाणं भरायचं आणि मग त्यावरून बाकीच्या कॅसेटी काढायच्या. गैबीला ते पटेना. "नकलेची नक्कल कशापाय द्यायची मानसाला? त्यो गळा फोडून गातोय, त्येला पयल्या हाताचा आवाज मिळाय पायजे की," असं तो भीमाप्पांच्या तोंडावर म्हणाला.

मग त्यानं चहाच्या खोक्याच्या फळ्यांची एक पेटी केली. मिक्सरमधून निघालेला आवाज एका बाजूनं तिच्यात शिरायचा आणि दुसऱ्या बाजूच्या सहा भोकांतून सहा मशीनांकडं जायचा. नुसत्या वायरी जोडल्या तर आवाज वाटला जाऊन क्षीण होतो, म्हणून प्रत्येक भोकामागं त्यानं आवाज उचलून धरणारी छोटी सर्किटं बसवली होती. मला समजावताना म्हणाला, "अवो मास्तर, पाट फोडल्यागत हाय ह्ये. टोकाच्या रानाला पाणी कमी पडाय नगो." टोकाचं रान म्हणजे सहा नंबरचं मशीन. ते त्याच्या वडिलांचं होतं, लोखंडी झाकणाचं, आणि जागा नसल्यामुळं एकटंच पलीकडच्या फळीवर ठेवलेलं.

सहा ठिकाणी भरण्यात आणखी एक शहाणपण होतं. एका मशीननं टेप गिळली तरी आवाज बाकीच्या पाचांत शिल्लक राहतो. गैबी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी हजेरी घ्यायचा, "एक चालू, दोन चालू," करत सहापर्यंत. संपलं की आधी मिक्सरची मुख्य दांडी खाली ओढून आवाज तोडायचा आणि मग त्याच क्रमानं मशीनं बंद करायचा. रीळ किती उरलंय हे सांगायला त्याला घड्याळ लागत नसे. कॅसेटच्या काचेतून एकदा बघायचा आणि म्हणायचा, "साडेसहा मिनिटं." ते कधी चुकलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात त्याच्या बायकोच्या, लालबीच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, पण आवाज जाईल. त्यांची मुलगी कशिश तेव्हा आठ वर्षांची होती. गैबी दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी लालबीभाभीला घेऊन तो स्टुडिओत आला आणि मला म्हणाला, "मास्तर, तिचा आवाज ठेवून घ्यायचाय."

भाभी माईकसमोर बसल्या आणि लाजून गप्पच राहिल्या. आयुष्यभर नवऱ्याचं काम लोकांचे आवाज भरायचं, पण ह्या बाईनं माईक पहिल्यांदाच बघितला होता. त्यांची घरातली बोली दखनी. शेवटी "कशिश, सुन. मैं तेरी अम्मी बोलतूं," अशी सुरुवात करून त्या अकरा मिनिटं बोलल्या. केस वाळल्याशिवाय वेणी घालू नको, अब्बा जेवायला विसरतात, त्यांना हाक मार, असलंच सगळं. मध्ये एकदा हसल्या. गैबी काचेआड कानाला हेडफोन लावून बसला होता आणि त्याचे डोळे सहा मशीनांवरून फिरत होते.

बोलून झालं आणि त्यांना खोकल्याची जोराची उबळ आली. गैबीनं मिक्सरची दांडी खाली ओढली, एक ते पाच मशीनं पटापट बंद केली आणि सहावं तसंच सोडून बायकोकडं धावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची हजेरी चुकली. तो तिला पाणी पाजून जिन्यानं खाली घेऊन गेला. मी पेटीचं झाकण लावत होतो, म्हणून मागं राहिलो.

सहा नंबर चालू होतं. दांडी खाली, माईक बंद, म्हणजे त्या मशीनकडं काहीही जात नव्हतं. पण त्याच्या मीटरचा काटा हलत होता. विजेच्या गुणगुणीनं काटा थरथरतो, ते मला माहीत होतं. हा थरथरत नव्हता. उठायचा, थांबायचा, पुन्हा उठायचा, समोर कुणी बोलत असावं तसा. बटण दाबायला चार पावलं टाकायची होती. मी ती टाकली नाहीत. पेटी तिथंच ठेवली आणि खाली गुळाच्या ढेपा मोजणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहिलो.

ऑपरेशन नीट झालं. भाभी परत आल्या त्या गळ्याला फडकं बांधून. गळ्याला भोक होतं, त्यातून श्वास चालायचा, आवाज मात्र नाही. कशिशची जुनी पाटी त्यांनी कमरेला लावली आणि तिच्यावर लिहून बोलायला लागल्या. सातवीपर्यंत त्या मराठी शाळेत शिकलेल्या, त्यामुळं लिहायचं म्हटलं की त्यांना पुस्तकातली मराठीच सुचायची. "दूध उतू जात आहे. गॅस बंद करा." ज्या बाईनं जन्मभर घरात दखनीत आरडाओरडा केला तिचं हे शुद्ध मराठी वाचून गैबी पहिले काही दिवस हसायचा. नंतर हसायचं थांबला.

पाच कॅसेटी त्यानं घरी नेल्या. सहावी शेवटपर्यंत पळून आपोआप थांबली होती. ती त्यानं उलटी गुंडाळून घेतली, पुन्हा कुणी तिच्यावर भरू नये म्हणून मागचे प्लास्टिकचे दात मोडले आणि 'लालबी, ६, पुढं रिकामी' अशी चिठ्ठी लावून स्टुडिओच्या कपाटात ठेवली. काटा हलल्याचं मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

दोन हजार पाचच्या पुरात पंचगंगा शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला शिरली आणि गैबीचं घर छातीपर्यंत पाण्यात गेलं. माणसं वाचली, पण कॅसेटींची ट्रंक गेली. पाणी उतरल्यावर ती सापडली तेव्हा पाचही कॅसेटींत गाळ भरलेला होता. कशिश पंधरा वर्षांची घोडी झालेली, पण ट्रंकेपाशी बसून लहान पोरीगत रडली. शाळेतून आली की रोज ती अकरा मिनिटं लावून ऐकायची तिला सवय होती. गैबी तिला म्हणाला, "रडू नगंस. सहा नंबर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही स्टुडिओत आली. गैबीनं कॅसेट वडिलांच्या मशीनमध्येच घातली. "कशिश, सुन." सात वर्षांपूर्वीचा आवाज लखलखीत निघाला. कशिशनं आईचा हात धरला होता. अकरा मिनिटं झाली, खोकला आला, आवाज तुटला, पुढं नुसती टेपची सरसर सुरू झाली. गैबी डोळे पुसत होता म्हणून बटण दाबायचं राहिलं.

आणि त्या सरसरीतून भाभींचा आवाज आला, "दूध उतू जात आहे. गॅस बंद करा."

आवाज त्यांचाच होता, पण शब्दन् शब्द सुटा, वर्गात उभं राहून धडा वाचावा तसा. थोडा वेळ सरसर. मग, "कशिशला ताप आहे. तुम्ही कामावर जाऊ नका." पुन्हा सरसर.

"ह्ये अम्मीनं पाटीवर लिवलेलं!" कशिश ओरडली. "मला गोवर झालता तवा!"

भाभींचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाटीवर त्यांनी लिहिलं, "हे मी बोलले नाही. लिहिले होते." आम्ही ऐकत राहिलो. सात वर्षांतलं सगळं त्यात नव्हतं, पण जे होतं ते क्रमानं होतं. कुठलं घ्यायचं नि कुठलं गाळायचं हे कुणी ठरवलं, मला विचारू नका. सासऱ्यांचं मयत आलं, घराचं छप्पर गळलं ते आलं, कशिश दहावीत गेली ते आलं. अठ्ठ्याण्णव साली भरलेल्या टेपवर ती बाई नंतरची सात वर्षं वाचून दाखवत होती. मग आलं, "पाणी उंबऱ्याला लागले. आधी कॅसेटी काढा." ते गेल्या आठवड्यातलं. आणि त्यानंतर, "आज सहा नंबर ऐकायची आहे. लवकर आवरा." ते तिनं त्याच दिवशी सकाळी लिहिलेलं.

भाभी उठल्या आणि मशीनचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. पाटी पुसली, लिहिलं, "पुढचे नको."

गैबी मशीनच्या काचेकडं बघत होता. मी विचारलं, "गैबी, किती उरलंय?"

"लई हाय," तो म्हणाला. "लई उरलंय, मास्तर."

तो पहिल्यांदाच खोटं बोलला. त्याच्याशेजारी इतकी वर्षं बसून मलाही थोडंफार कळायला लागलं होतं. डावीकडचं रीळ बोटभर जाडीचंसुद्धा नव्हतं, फार तर चार मिनिटं. सात वर्षांना तीस मिनिटं लागली होती. चार मिनिटांना किती, हे गणित मी केलं नाही. गैबीनं केलं असणार, कारण त्या दिवसापासून माणूस बदलला.

कॅसेट त्यानं कपाटात कुलूप लावून ठेवली आणि बायकोला लिहू देईनासा झाला. त्याच्या डोक्यानं घेतलं की ती एक ओळ लिहिते तेवढं रीळ पुढं सरकतं. घरातले खडू गायब व्हायला लागले. पाटी कुठं तरी माळ्यावर जायची. तो भाभींच्या हातांकडं बघून ओळखायला शिकला. दोन बोटं उचलली की चहा, पदर झटकला की पाहुणे आलेत, नाकावर बोट म्हणजे कशिशची तक्रार. तिचे ओठ वाचायला शिकला. कामावर यायचा तो उशिरा, जायचा लवकर. भीमाप्पांनी सुनावलं तर हसून ऐकून घ्यायचा. पुढं स्टुडिओत कॉम्प्युटर आला, पाच मशीनं भंगारात गेली, त्याची ती लाकडी पेटी रिकामी पडली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. सहावं मशीन तेवढं राखलं. सुट्टीच्या दिवशी दोघं नरसोबाच्या वाडीला जाऊन संगमाकाठी बसायची. तिथं बोलावं लागत नाही, असं तो म्हणायचा.

भाभींना मात्र ह्याचा राग यायचा आणि तो रास्तच होता. आधीच मुक्या झालेल्या बाईची पाटी काढून घ्यायची म्हणजे काय? एकदा गैबी बाहेर गेलेला असताना त्या स्टुडिओत आल्या. पिशवीतून पाटी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली, "मास्तर, खरे सांगा. रीळ किती उरले आहे?"

मी थाप मारू शकलो असतो. पण माझा स्वभाव आड आला आणि तोंडातून गेलं, "बोटभर बी न्हाय, भाभी."

त्या रागावतील, रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी शांतपणे पाटी पुसली, पदरानं पुन्हा कोरडी केली आणि पिशवीत ठेवली. त्यानंतर मी त्यांना कधी लिहिताना पाहिलं नाही. गैबीला खडू लपवायची गरजच उरली नाही. तो बिचारा समजला की आपली युक्ती लागू पडली. खरं तर आता दोघंही जपून वापरत होती, एकमेकांना न सांगता.

अशी जवळजवळ चार वर्षं गेली. दोन हजार नऊच्या मे महिन्यात कशिशचं लग्न झालं. रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या आधी, मांडवात एवढी गर्दी असताना, भाभी आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या आणि त्यांनी वहीचं पान फाडून घेतलं. मी दारात होतो. गैबी त्यांना बोलवायला आला आणि तिथंच थांबला. ती लिहीत होती. भराभरा, डोकं वर न करता, पान भरलं तरी मागच्या बाजूला लिहीत होती. गैबीचा हात चौकटीवर होता. एका पावलात तो पेन्सिल काढून घेऊ शकला असता. त्यानं घेतली नाही. मला म्हणाला, "लिहू द्या मास्तर. तिचं हाय." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

पान घडी करून कशिशच्या मुठीत गेलं. त्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी तांदूळ निवडत बसल्या बसल्या, लालबीभाभी गेल्या. सूप मांडीवर तसंच होतं.

चाळिसाव्याचे विधी आटोपल्यावर गैबी कशिशला घेऊन स्टुडिओत आला. दिवसाउजेडी, खाली गुळाचे सौदे चाललेले. त्यानं टेबलांच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी बदललं. कपाट उघडलं, कॅसेट मशीनमध्ये घातली. "जितं तिनं थांबवलं तितनं," एवढंच म्हणाला, बटण दाबलं आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

"पुढचे नको." सरसर. एकदोन घरच्या बारीकसारीक गोष्टी. मग, "मास्तर, खरे सांगा. रीळ किती उरले आहे?" गैबीनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्याला जे चार वर्षं माहीत नव्हतं ते आत्ता कळलं. त्यानं नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि मग ते पान सुरू झालं. कशिशनं ते सासरी शंभरदा वाचलेलं, तरी पहिल्याच शब्दाला तिनं तोंडावर पदर दाबला. "कशिश, लहानपणी तू माझ्या गळ्याला कान लावून झोपायचीस. ऑपरेशननंतर घरी आले त्या दिवशी तू तसाच कान लावलास आणि म्हणालीस, अम्मी, आत काहीच नाही. मला तेव्हा फार वाईट वाटले. पण आत होते, बेटा. सगळे आतच होते. तुला हाका मारत होते, तुझ्यावर रागावत होते, तुला गाणी म्हणत होते. तुला ऐकू गेले नाही म्हणून कमी समजू नकोस."

पान संपलं. काचेत उरलेलं रीळ आता दिसेनासं झालं होतं. टेपची सरसर चालू होती. गैबी हात मांडीवर ठेवून बसला होता. मशीन आपलं आपण थांबेल, एवढीच तो वाट बघत होता.

तेवढ्यात ती पुन्हा बोलली. ह्या वेळी धडा वाचल्यासारखं नाही. घरातली बोली, जराशी लाडाची, खोकून मोकळ्या झालेल्या गळ्याची. कुठल्या पाटीवर नाही, कुठल्या पानावर नाही, असलं ते वाक्य होतं.

"अजी, वो छे नंबर चालूच रह्या की. बंद करो ना."

गैबी उठला. अकरा वर्षांपूर्वी टाकायची राहिलेली चार पावलं त्यानं टाकली, "हां, करतूं," म्हणाला आणि बटण दाबलं.